स्थलदर्शन आणि साधनचिकित्सा : रावेन्ना नगरातील काही वास्तू

ऐतिहासिक नगर पाहावयास निघालेला प्रवासी आणि इतिहासाचा अभ्यासक हे दोघे बहुधा एकाच वाटेने जातात, एकाच वास्तूपुढे उभे राहतात आणि एकच माहितीपुस्तिका हाती बाळगतात. भेद असतो तो प्रश्नाचा. प्रवासी ‘हे काय आहे?’ असे विचारतो. अभ्यासकाने ‘हे आज जसे दिसते तसे कोणी, केव्हा आणि कशासाठी केले?’ असे विचारले पाहिजे. लिखित साधनांच्या बाबतीत ही सवय आपल्या अंगवळणी पडलेली आहे. बखर हाती आली की ती कोणी, कोणाच्या आश्रयाने व घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली हे आपण प्रथम पाहतो. अस्सल कागदावर खाडाखोड आढळली तर तेथे थांबून विचार करतो. वास्तूंच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी पुष्कळदा सुटते. कागद खोटा असू शकेल, दगड खोटे बोलत नाही, असा एक समज आपल्या मनात घर करून असतो.

हा समज तपासून पाहण्यास उत्तर इटलीतील रावेन्ना हे नगर फार उपयोगी आहे. तेथील आठ प्राचीन ख्रिस्ती वास्तूंचा समावेश युनेस्कोने १९९६ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत केला. प्रवासी येथे येतात ते प्रामुख्याने पाचव्या व सहाव्या शतकांतील कुट्टिमचित्रे, म्हणजे काचेच्या व दगडाच्या रंगीत खड्यांची भिंतीवर जडविलेली चित्रे, पाहण्यासाठी. आणि त्यांचे सौंदर्य वादातीत आहे. परंतु या चित्रांतील काहींवर एका राजवटीने दुसरीची स्मृती पुसण्यासाठी हात फिरविला आहे, आणि ती पुसण्याची खूणही तेथेच शिल्लक आहे. ती खूण कशी वाचावी, आणि तिच्यावरून किती सांगता येते व किती सांगता येत नाही, एवढाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

(१)

रावेन्ना आज समुद्रापासून काही मैल आत, सपाट शेतजमिनीत वसलेले दिसते. प्राचीन काळी स्थिती निराळी होती. नगराभोवती दलदल व खाजणे होती, आणि ऑगस्टसच्या काळापासून रोमन आरमाराचे ठाणे असलेले क्लासे हे बंदर दक्षिणेस जवळच होते. पुढे नद्यांच्या गाळाने किनारा दूर सरकला व बंदर बुजून गेले. क्लासे येथील सांत अपोलिनारे ही ५४९ साली प्रतिष्ठापना झालेली बॅसिलिका आज शेतांच्या मधोमध उभी आहे. बंदराचा मागमूस तेथे साध्या डोळ्यांना लागत नाही.

नगराचे भाग्य या दलदलीनेच घडविले. इ. स. ४०२ मध्ये पश्चिम रोमन सम्राट होनोरियस याने आपला दरबार मिलानहून येथे हलविला. अलारिकच्या नेतृत्वाखाली गॉथ उत्तर इटलीत उतरले होते. मिलानपेक्षा रावेन्नाचे रक्षण करणे सोपे होते, आणि समुद्रमार्गे कॉन्स्टँटिनोपलशी संबंधही राखता येत होता. इ. स. ४७६ मध्ये ओडोएसरने पश्चिमेचा अखेरचा सम्राट रोम्युलस ऑगस्ट्युलस यास पदच्युत केले आणि रावेन्नातूनच इटलीचा कारभार चालविला. पूर्वेच्या सम्राटाच्या संमतीने ऑस्ट्रोगॉथांचा राजा थिओडोरिक इटलीत आला. प्रदीर्घ वेढ्यानंतर त्याने ४९३ साली रावेन्नात प्रवेश केला, आणि तह झाल्यावर काही दिवसांतच मेजवानीच्या प्रसंगी ओडोएसरचा वध केला. थिओडोरिकने ५२६ पर्यंत राज्य केले. ५४० मध्ये सम्राट जस्टिनियनचा सेनापती बेलिसारियस याने रावेन्ना घेतले, आणि पुढे ७५१ मध्ये लोंबार्डांच्या हाती पडेपर्यंत ते बायझंटाइन सत्तेचे इटलीतील मुख्य ठाणे राहिले. साडेतीनशे वर्षांत चार राजवटी या नगराने पाहिल्या. एवढे अनुसंधान मनाशी बाळगूनच येथील वास्तूंत पाऊल ठेवावे.

थिओडोरिकच्या राजवटीसंबंधी आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्याचे बालपण कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारात ओलीस म्हणून गेले होते. रोमन शासनपद्धती त्याने मोडली नाही. रोमन अधिकारी व सिनेट कायम ठेवले. त्याच्या वतीने कॅसिओडोरसने लिहिलेली राजपत्रे उपलब्ध आहेत. श्रद्धा आज्ञेने लादता येत नाही, अशा आशयाचे एक पत्रही त्यांत आहे. परंतु गॉथ लोक एरियन पंथाचे ख्रिस्ती होते. पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा नाही, असे हा पंथ मानी. रोमन प्रजेच्या मते ते पाखंड होते. म्हणून रावेन्नात दोन बिशप, दोन मुख्य चर्चे व दोन बाप्तिस्मागृहे अशी दुहेरी व्यवस्था होती. राजवटीच्या अखेरीस संशयाचे वातावरण दाटले. तत्त्वज्ञ बोएथियस व त्याचा सासरा सिम्मॅकस यांना देहान्त शासन झाले. सहिष्णुता व संशय ही दोन्ही याच राजवटीची अंगे आहेत. कोणतेही एक घेऊन चित्र रंगविणे सोपे असले, तरी ते यथार्थ होत नाही.

(२)

नगराच्या पूर्व भागातून जाणाऱ्या ‘व्हिया दि रोमा’ या रस्त्यावर सांत अपोलिनारे नुओव्हो ही बॅसिलिका आहे. थिओडोरिकने ती आपल्या राजवाड्यालगत दरबारी चर्च म्हणून बांधविली. मधल्या दालनाच्या दोन्ही भिंतींवर कुट्टिमचित्रांचे तीन पट्टे आहेत. सर्वांत वर ख्रिस्तचरित्रातील प्रत्येक बाजूस तेरा असे सव्वीस प्रसंग. मधल्या पट्ट्यात खिडक्यांच्या दरम्यान शुभ्रवस्त्रधारी पुरुषांच्या उभ्या आकृती. आणि सर्वांत खाली, पाहणाऱ्याच्या दृष्टीला सर्वांत जवळ, दोन लांब मिरवणुका. डाव्या भिंतीवर क्लासे बंदरापासून निघालेल्या बावीस कुमारिका पूर्वेकडील तीन ज्ञानी पुरुषांच्या मागोमाग मातेच्या मांडीवरील बाल ख्रिस्ताकडे जात आहेत. उजव्या भिंतीवर राजवाड्यापासून निघालेले हुतात्मे सिंहासनस्थ ख्रिस्ताकडे जात आहेत.

प्रवासी या मिरवणुकांच्या लयीत इतका गुंगतो की, त्या जेथून निघतात तिकडे त्याचे लक्ष बहुधा जात नाही. अभ्यासकाने दाराजवळच्या त्या टोकाशीच अधिक वेळ घालवावा. उजव्या भिंतीवर स्तंभावली असलेली एक भव्य इमारत दाखविली असून तिच्यावर ‘राजवाडा’ या अर्थाचा लॅटिन शब्द कोरल्यासारखा जडविला आहे. प्रत्येक कमानीत गाठ मारलेले पांढरे पडदे आहेत. मधली कमान नुसती सोनेरी व रिकामी आहे. एवढ्या मोठ्या वाड्यात एकही माणूस नाही. परंतु खांबांकडे निरखून पाहिले असता काही खांबांच्या पांढऱ्या पृष्ठभागावर माणसाचे हात दिसतात. बोटे आहेत, मनगट आहे. पण त्यापलीकडे देह नाही, पडदा आहे. समोरच्या भिंतीवर क्लासे नगराच्या तटापुढेही माणसांच्या बाह्यरेषांचा भास होतो. तेथील आकृती काढून त्या जागी तटाच्या रंगाचे खडे बसविले आहेत.

कोणाच्या प्रतिमा येथे होत्या, हे लेखी प्रमाणाने सिद्ध झालेले नाही. परंतु दरबारी चर्च, राजवाड्याचे चित्र आणि मधली मोठी कमान यांचा एकत्र विचार करता तेथे थिओडोरिक व त्याचे सरदार होते, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात, आणि ते युक्त वाटते. मिरवणुकांचे काम नंतरचे असल्याचे खड्यांच्या व गिलाव्याच्या तपासणीवरून ओळखता येते.

हात मागे का राहिले, याचे उत्तर कामाच्या पद्धतीत शोधले पाहिजे. कुट्टिमचित्रात रंगावर रंग फासून चित्र झाकता येत नाही. ओल्या चुनेगच्चीत एकेक खडा बसविलेला असतो. आकृती काढावयाची तर खडे उपटावे लागतात, खालचा गिलावा खरवडावा लागतो, नवा गिलावा देऊन नवे खडे जडवावे लागतात. हे काम खर्चाचे व वेळाचे आहे. आणि म्हणूनच ते कोणाच्या लहरीने नव्हे, तर अधिकाऱ्याच्या आज्ञेने झाले असले पाहिजे. कारागिरांनी कमानींच्या आतील भाग बदलला आणि खांब होते तसे राहू दिले, असे दिसते. खांबांवर आलेले हात काढण्यासाठी खांबही नव्याने जडवावे लागले असते. श्रम वाचविण्याच्या या साध्या व्यवहाराने इतिहासाला एक पुरावा मिळवून दिला.

(३)

हे पुसण्याचे काम केव्हा झाले? ५४० साली नगर पडले त्याच दिवशी गॉथांची स्मृती नष्ट करण्यात आली असेल, असे प्रथमदर्शनी वाटते. लिखित साधने मात्र निराळे सांगतात. इ. स. ५५१ मधील पपायरसवरील एक खरेदीखत आज नेपल्स येथे जतन केलेले आहे. रावेन्नातील गॉथांच्या सेंट अनास्तासिया चर्चच्या पुरोहितवर्गाने कर्ज फेडण्यासाठी दलदलीची काही जमीन विकली, त्याचे हे खत आहे. मजकूर लॅटिन आहे. परंतु खाली काही पुरोहितांनी गॉथिक भाषेत व गॉथिक लिपीत साक्ष घातली आहे. म्हणजे नगर जिंकले गेल्यावर अकरा वर्षांनीही एरियन चर्च आपल्या मालमत्तेसह, जरी कर्जबाजारी अवस्थेत, तेथे नांदत होते. आणि त्याचे पुरोहित आपली भाषा लिहीत होते.

खरा बदल पुढच्या दशकात घडला. इटलीतील दीर्घ युद्ध संपत आल्यावर, सुमारे ५६१ साली, जस्टिनियनने एरियन चर्चे व त्यांची मालमत्ता रावेन्नाच्या कॅथलिक धर्मपीठाच्या हवाली केली. त्या वेळी आग्नेलस हा आर्चबिशप होता (५५७-५७०). राजवाड्यालगतचे चर्च त्याने नव्याने पवित्र केले आणि ते तूर येथील सेंट मार्टिन याला अर्पण केले. पाखंडाचा कडवा विरोधक म्हणून मार्टिनची ख्याती होती. आजही हुतात्म्यांच्या मिरवणुकीत सर्वांच्या अग्रभागी मार्टिन आहे, आणि शुभ्र वस्त्रांच्या रांगेत त्याचा एकट्याचा झगा जांभळ्या रंगाचा आहे. कुमारिकांच्या अग्रभागी युफेमिया आहे; ज्या कॅल्सिडॉनच्या धर्मसभेने ४५१ साली ख्रिस्ताच्या स्वरूपासंबंधीचा निर्णय दिला, ती तिच्याच चर्चमध्ये भरली होती. मिरवणुकांतील अग्रक्रम असा अर्थपूर्ण आहे. ‘नुओव्हो’ म्हणजे नवे हे नाव चर्चला त्याहूनही नंतर, अपोलिनारे या संताचे अवशेष क्लासेहून येथे आणल्याची समजूत रूढ झाल्यावर मिळाले. एकाच वास्तूची ही नावे जणू एकावर एक लिहिलेल्या कागदासारखी आहेत.

आता मुख्य प्रश्न असा की, जेत्यांनी नेमके काय पुसले? येथे स्थलदर्शनाचा खरा उपयोग होतो, कारण उत्तर एका वास्तूत नसून अनेक वास्तूंच्या तुलनेत आहे. सांत अपोलिनारेच्या वरच्या पट्ट्यातील ख्रिस्तचरित्राचे प्रसंग एरियन राजाच्या काळातील आहेत. ते तसेच ठेवले गेले. मधल्या पट्ट्यातील आकृतीही राहिल्या. थोड्याच अंतरावर एरियनांचे बाप्तिस्मागृह आहे. त्याच्या घुमटात ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचा देखावा आहे : मध्ये पाण्यात उभा तरुण ख्रिस्त, एका बाजूस योहान, दुसऱ्या बाजूस डोक्यावर खेकड्याच्या नांग्या धारण केलेली, मानवी रूपातील वृद्ध जॉर्डन नदी, आणि भोवती बारा प्रेषित. हेही चित्र कोणी काढून टाकले नाही. त्यानंतर मुख्य चर्चजवळच्या कॅथलिकांच्या बाप्तिस्मागृहात जावे. बिशप नेओन याने पाचव्या शतकाच्या मध्यास ते सजविले. घुमटातील योजना मुळात तीच आहे : बाप्तिस्मा, नदी, प्रेषितांचे वलय. ज्या दोन पंथांनी एकमेकांना पाखंडी म्हटले, त्यांच्या घुमटांत जवळजवळ एकच चित्र आहे.

या तुलनेवरून एक अनुमान निघते. धर्मविषयक चित्रे, मग ती एरियनांनी काढविलेली का असेनात, कॅथलिक धर्मपीठाने स्वीकारली. त्यांत त्याला आक्षेपार्ह असे काही दिसले नाही. काढून टाकली ती माणसे : राजा, दरबार, आणि त्यांचा त्या राजवाड्याशी व बंदराशी असलेला संबंध. पाखंडाचे निमित्त होते, आणि मार्टिनची योजना पाहता ते केवळ निमित्तच होते असेही म्हणवत नाही. परंतु छिन्नी चालली ती सिद्धान्तावर नव्हे, राजसत्तेच्या स्मृतीवर. इटलीवर गॉथ राजाने न्याय्य राज्य केले होते, हा दावाच जस्टिनियनच्या राज्यात गैरसोयीचा होता.

हे अनुमान मांडताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. पुराव्याच्या पलीकडे जाण्याचा मोह येथे पदोपदी होतो. सांत अपोलिनारेच्या वरच्या पट्ट्यात डाव्या भिंतीवरील ख्रिस्त दाढी नसलेला, तर उजव्या भिंतीवरील दाढी असलेला आहे. यात एरियन सिद्धान्ताचे प्रतिबिंब पाहण्याचा प्रयत्न काहींनी केला; परंतु त्यास पुरेसा आधार नाही. हे दोन्ही प्रकार त्या काळच्या कॅथलिक चित्रांतही आढळतात. हातांचा पुरावा बोलतो तेवढेच ऐकावे, दाढीला बोलते करू नये.

(४)

पुसण्याइतकेच नवे काढण्याचे तंत्रही रावेन्नात पाहावयास मिळते. सान व्हिताले हे अष्टकोनी चर्च त्याचा उत्तम नमुना होय. त्याचा आरंभ बिशप एक्लेसियसच्या काळी, गॉथांचे राज्य असतानाच झाला. यूलियस आर्जेंतारियस नामक सावकाराने द्रव्य पुरविले. नवव्या शतकातील रावेन्नाचा चरित्रकार आग्नेलस (हा पूर्वोक्त आर्चबिशपाहून निराळा) खर्चाचा आकडा २६,००० सुवर्णनाणी असा देतो. प्रतिष्ठापना मात्र ५४७ साली, बायझंटाइन राजवटीत, आर्चबिशप मॅक्सिमियनच्या हस्ते झाली. वेदीच्या दोन बाजूंस सम्राट जस्टिनियन व सम्राज्ञी थिओडोरा आपल्या परिवारासह अर्पणपात्रे घेऊन उभी आहेत. ही चित्रे जगप्रसिद्ध आहेत. परंतु ती दोघेही रावेन्नास कधीच आली नाहीत, आणि त्या चित्रात नाव लिहिलेले आहे ते एकट्या मॅक्सिमियनचे. जो प्रसंग घडला नाही तो भिंतीवर कायमचा घडतो आहे. आणि जो राजा त्याच नगरात तेहतीस वर्षे नांदला, त्याच्या दरबाराच्या जागी पडदे आहेत. ही दोन चित्रे एकमेकांशेजारी ठेवून वाचली म्हणजे सहाव्या शतकातील सत्तेची भाषा समजू लागते.

नगराच्या तटाबाहेर थिओडोरिकची समाधी आहे. इस्ट्रियाच्या चुनखडी दगडाची ही दुमजली इमारत रावेन्नातील इतर विटांच्या वास्तूंहून सर्वस्वी निराळी आहे. तिचे छत एकाच अखंड शिळेचे असून तिचे वजन २३० ते ३०० टन असावे, असे निरनिराळे अंदाज आहेत. कडेला बारा दगडी कान कोरलेले असून त्यांवर प्रेषितांची व शुभवर्तमानकारांची नावे आहेत. वरच्या दालनात पोर्फिरी दगडाचे एक कुंड आहे. ते रिकामे आहे. राजाचा देह केव्हा व कसा नाहीसा झाला, यासंबंधी दंतकथा पुष्कळ असल्या, तरी इमारत टिकली याचे एक कारण तिचे पुढे चर्चमध्ये झालेले रूपांतर हे होय. त्याचा अश्वारूढ पुतळा म्हणून ओळखली जाणारी मूर्ती शार्लमेनने ८०१ साली आखेन येथे नेली. पुढे तीही नष्ट झाली. गॉथांची सर्वांत मोठी ठेव दूरदेशी आहे. जांभळ्या चर्मपत्रावर चांदी-सोन्याच्या शाईने लिहिलेली गॉथिक शुभवर्तमानांची पोथी बहुधा थिओडोरिकच्या काळी रावेन्नातच सिद्ध झाली. ती आज स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात आहे, आणि तिचे एक हरवलेले पान जर्मनीतील श्पायर येथे १९७० साली सापडले.

(५)

खाडाखोड केवळ सहाव्या शतकातच झाली असे मानणे ही चूक ठरेल. सांत अपोलिनारेच्या दर्शनी भिंतीच्या आतल्या बाजूस मुकुटधारी राजपुरुषाचे एक कुट्टिमचित्र आहे. त्यावर जस्टिनियनचे नाव आहे. परंतु ती अक्षरे एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धाराची आहेत. मूळ चित्र थिओडोरिकचेच असून ते बदलून जस्टिनियनचे केले असावे, असेही काही अभ्यासकांचे मत आहे. नेओनच्या बाप्तिस्मागृहातील घुमटाच्या मध्यभागी ख्रिस्ताचे व योहानाचे मस्तक, तसेच योहानाच्या हातातील पात्र, ही याच काळातील दुरुस्तीची भर होय. त्या पात्रावरून प्राचीन बाप्तिस्माविधीसंबंधी निष्कर्ष काढणारा अभ्यासक पाचव्या शतकाविषयी बोलत आहे असे समजत असतो. प्रत्यक्षात तो एकोणिसाव्याविषयी बोलत असतो.

लोकव्यवहारातील नावेही अशीच तपासून घ्यावी लागतात. सांत अपोलिनारेच्या शेजारी ‘थिओडोरिकचा राजवाडा’ म्हणून जी विटांची दर्शनी इमारत दाखवितात, ती त्याच्यानंतर काही शतकांनी बांधलेल्या एका चर्चचा भाग आहे. खऱ्या राजवाड्याचे अवशेष चर्चच्या मागील बाजूस १९०८ ते १९१४ या काळात झालेल्या उत्खननात सापडले. तसेच ‘गाल्ला प्लाचिदियाची समाधी’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या, नक्षत्रखचित निळ्या घुमटाच्या वास्तूत ती सम्राज्ञी पुरली गेली असण्याचा संभव थोडा आहे. ती ४५० साली रोम येथे मृत्यू पावली. नाव चुकीचे ठरल्याने वास्तूचे मोल उणावत नाही. मात्र तिला विचारावयाचा प्रश्न बदलतो.

यावरून वास्तूंचे साक्ष्य अविश्वसनीय आहे असा निष्कर्ष काढू नये. उलट, खाडाखोड ज्यात ओळखू येते ते साधन, जे निर्मळ दिसते त्याहून पुष्कळदा अधिक सांगते. चरित्रकार आग्नेलसचा ग्रंथ आपणास धर्मपीठाची बाजू देतो, ५५१ चा पपायरस एका कर्जबाजारी पुरोहितवर्गाचा व्यवहार देतो, आणि भिंत या दोहोंमधील घटना देते. तिन्ही एकत्र वाचली म्हणजेच गॉथांच्या रावेन्नातील शेवटाचा क्रम हाती लागतो : प्रथम सत्ता गेली, मग मालमत्ता गेली, शेवटी प्रतिमा गेली. यांपैकी केवळ ग्रंथ वाचणाऱ्यास पहिले दोन टप्पे कळतील. तिसरा कळण्यास तेथे जाऊन, मान वर करून, मिरवणूक जेथून निघते त्या कोपऱ्याकडे पाहावे लागते.

आपल्या विद्यार्थ्यांना अभ्याससहलीस नेताना वास्तूचा काळ, शैली व बांधणारा एवढी टिपणे आपण करवून घेतो. त्यांत आणखी एक रकाना असावा : येथे नंतर काय बदलले, आणि बदलणाऱ्याने काय तसेच ठेवले? रावेन्नाच्या खांबांवरील हात हे या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व पटवून देण्यास पुरेसे आहेत.